असममित फॉल्टचे प्रकरण : काय शिकवते, काय वगळते

विद्युत अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात 'असममित दोषांचे विश्लेषण' नावाचे एक प्रकरण असते. विजेच्या जाळ्यात तीनपैकी एखादीच तार जमिनीला टेकली, किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर किती प्रवाह वाहील हे काढण्याची रीत त्यात दिलेली असते. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. विद्यार्थी सूत्रे पाठ करतात, तीन चौकटी एकापुढे एक जोडतात आणि उत्तर काढतात. या रीतीचे मूळ चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने १९१८ साली वाचलेल्या एका शोधनिबंधात आहे.

त्या निबंधाचे आणि त्यातून पुढे घडलेल्या पाठ्यपुस्तकी प्रकरणाचे मूल्यमापन या लेखात करायचे आहे. शाळेतील शिक्षकाला याचे काय, असे कोणी विचारील. ज्या तारांबद्दल हे प्रकरण बोलते त्या आपल्या शाळेच्या कुंपणावरून आणि विद्यार्थ्यांच्या शेतावरून जातात, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर असे की या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा वगळलेला प्रश्न शाळेतल्या ओहमच्या नियमाने सुटतो. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. फोर्टेस्क्यूची पद्धत उत्तम आहे. चूक आहे ती प्रश्नाच्या निवडीत. हे प्रकरण फॉल्टमधला सर्वांत मोठा प्रवाह काढायला शिकवते. माणसाच्या आणि जनावरांच्या जिवावर उठणारा फॉल्ट मात्र पुष्कळदा लहान प्रवाहाचा असतो.

समतोल म्हणजे काय?

आपल्याकडे वीज तीन फेजमधून येते. लाइनमन त्यांना आर, वाय, बी म्हणजे लाल, पिवळी, निळी अशी नावे देतो. तिन्हींतील दाब सारखाच असतो, पण त्यांची चढउतार एकाच वेळी होत नाही. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात एक आवर्तन सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरे होते. लाल फेज शिखरावर पोचल्यानंतर सेकंदाच्या दीडशेव्या भागाने पिवळी, आणि तेवढ्याच वेळाने निळी शिखरावर पोचते. कागदावर हे १२० अंशांच्या अंतराने काढलेल्या तीन सारख्या बाणांनी दाखवतात.

वर्गात हे करून पाहा. कागदावर ३ सेंटिमीटरचा एक बाण काढा. त्याच्या टोकाशी १२० अंशांनी वळून तेवढाच दुसरा काढा, आणि पुन्हा १२० अंशांनी वळून तिसरा. तिसऱ्याचे टोक पहिल्याच्या सुरुवातीला येऊन मिळते. त्रिकोण बंद झाला, म्हणजे बेरीज शून्य झाली. म्हणूनच तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलच्या तारेतून प्रवाह परत यावा लागत नाही. तिन्ही तारा आपसांत हिशेब मिटवतात.

समतोलाचा दुसरा फायदा गणिताचा आहे. एका फेजचे उत्तर काढले की उरलेल्या दोन फेजची उत्तरे फक्त १२० अंशांनी फिरवून मिळतात. एखादी तार जमिनीला टेकली की ही सोय संपते. आता तिन्ही फेज वेगळ्या, आणि प्रत्येकीचा दुसरीवर परिणाम. पाठ्यपुस्तकांत सर्रास दिला जाणारा अंदाज असा, की उघड्या तारांच्या वाहिन्यांवरील सुमारे ७० टक्के फॉल्ट एकाच फेजचे जमिनीशी होतात, आणि तिन्ही फेज एकदम सापडण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे असमतोल हाच नियम आहे आणि समतोल फॉल्ट अपवाद. तरीही अपवादाचे प्रकरण आधी येते, कारण ते सोपे असते.

फोर्टेस्क्यूची युक्ती

आधी दोनच संख्या घेऊ. ७ आणि ३ या असमान आहेत. त्यांची सरासरी ५. मग ७ म्हणजे ५ अधिक २, आणि ३ म्हणजे ५ उणे २. असमान जोडीचे आपण दोन भाग केले: एक अगदी समान जोडी (५, ५) आणि एक अगदी विरुद्ध जोडी (२, उणे २). कोणत्याही दोन संख्यांचे असे दोन नियमित भाग पाडता येतात. तीन संख्या असतील तर तीन भाग लागतील. फोर्टेस्क्यूने तीन बाणांसाठी हेच केले, आणि तीनच नव्हे तर कितीही फेज असल्या तरी तितकेच नियमित संच पुरतात हे सिद्ध केले.

तीन फेजसाठी ते संच असे. पहिल्यात तीन सारखे बाण आर-वाय-बी या नेहमीच्या क्रमाने येतात. दुसऱ्यातही तीन सारखेच बाण, पण क्रम उलटा: आर-बी-वाय. तिसऱ्यात तिन्ही बाण सारखे आणि एकाच दिशेला, म्हणजे तिन्ही फेज एकाच क्षणी शिखरावर.

उदाहरण घेऊ. समजा, लाल फेजमधून ९० अँपिअर प्रवाह जमिनीत जातो आहे आणि पिवळ्या व निळ्या फेजमध्ये काहीच प्रवाह नाही. याहून मोठा असमतोल कोणता? आता प्रत्येक संचात ३० अँपिअरचे बाण घ्या. लाल फेजमध्ये तिन्ही संचांचे बाण एकाच दिशेला येतात आणि बेरीज ९० होते. पिवळ्या फेजमध्ये मात्र तिन्ही संचांचे बाण एकमेकांशी १२० अंश करतात. मघाचा बंद त्रिकोण आठवा, बेरीज शून्य. निळ्या फेजमध्येही तेच. एका वेड्यावाकड्या परिस्थितीची तीन शिस्तशीर परिस्थितींत फोड झाली. प्रत्येक संच स्वतःपुरता समतोल असल्यामुळे एका फेजचे गणित करून भागते. गमावलेली सोय परत मिळाली.

हा निबंध २८ जून १९१८ रोजी अटलांटिक सिटी येथे अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या अधिवेशनात वाचला गेला. छापील स्वरूपात चर्चेसह तो शंभराहून अधिक पाने भरतो. तो वाचायला सोपा नाही. लेखकाला एका यंत्राचा प्रश्न सोडवायचा होता, पण वाटेत त्याला एक सर्वसाधारण सिद्धान्त दिसला आणि मग त्याने तो पूर्णपणे मांडल्याशिवाय सोडला नाही. व्यवहारी वाचकाला ही मांडणी अंगावर येते. तरीही या सर्वसाधारणपणामुळेच ती शंभर वर्षांनंतर टिकून आहे.

नावे फसवी, घटक खरे

रूढ पुस्तकांत या तीन संचांना धन क्रम, ऋण क्रम आणि शून्य क्रम म्हणतात. ही नावे विद्यार्थ्याची दिशाभूल करतात. 'ऋण क्रम' म्हणजे उणे चिन्हाचा प्रवाह नव्हे, आणि 'शून्य क्रम' म्हणजे प्रवाह नाही असेही नव्हे. आपल्या उदाहरणात तो ३० अँपिअर आहे. मराठीत शिकवताना सुलट, उलट आणि एकवेळ असे शब्द वापरले तर अर्थ शब्दातूनच कळेल. पुढे मी तेच वापरतो.

त्याहून मोठा गैरसमज असा, की हे संच निव्वळ कागदावरचे आहेत. गणिताची फोड म्हणून ते सुरू झाले हे खरे, पण प्रत्येकाला भौतिक अस्तित्व आहे. सुलट संचामुळे मोटारीत सरळ फिरणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. उलट संचामुळे त्याच मोटारीत उलट फिरणारे क्षेत्र तयार होते. ते फिरत्या भागाला ब्रेक लावते आणि तापवते. एकवेळ संचातील तीन बाण एकमेकांना मिटवत नाहीत, म्हणून त्या प्रवाहाला परत जायला चौथी वाट लागते: न्यूट्रलची तार किंवा जमीन. ती वाटच नसेल तर एकवेळ प्रवाह वाहूच शकत नाही. घरातील गळतीरक्षक स्विच याच तत्त्वावर चालतो. सगळ्या तारा एका लोहकड्यातून नेलेल्या असतात. जाणारा आणि येणारा प्रवाह जुळला नाही, म्हणजे काही प्रवाह भलत्याच वाटेने जमिनीत गेला, तर तो स्विच पडतो. घरगुती वापरासाठी ही मर्यादा सहसा ३० मिलिअँपिअर असते.

'प्रवाह कोणत्या वाटेने परत जातो?' हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. तो प्रश्न ज्याला कळला त्याला निम्मे प्रकरण कळले. दुर्दैवाने तो विचारण्याआधीच बरीच पुस्तके विद्यार्थ्याला आकडेमोडीत लोटतात.

मूळ प्रश्न मोटारीचा होता

फोर्टेस्क्यू निबंधाच्या सुरुवातीलाच सांगतो की १९१३ च्या अखेरीस त्याला असमतोल पुरवठ्यावर चालणाऱ्या इंडक्शन मोटारींचा गणिती अभ्यास करावा लागला. तो वेस्टिंगहाऊस कंपनीत होता. त्या काळी रेल्वेला वरच्या एकाच तारेतून एक फेज वीज देत आणि एंजिनात तिचे तीन फेजमध्ये रूपांतर करणारे फिरते यंत्र ठेवत. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने १९१५ पासून अशी एंजिने चालवली. असे रूपांतर कधीच पूर्ण समतोल नसते, आणि त्या असमतोलाचा मोटारीवर काय परिणाम होतो हा प्रश्न होता.

हा प्रश्न आपल्या शेतकऱ्याला अगदी ओळखीचा आहे. डीपीवरचा एक फ्यूज उडतो. चालू असलेली तीन फेजची पंपाची मोटार बंद पडत नाही. ती घुमत राहते, उरलेल्या दोन तारांतून जादा प्रवाह ओढते आणि काही वेळाने जळते. फोर्टेस्क्यूच्या भाषेत सांगायचे तर अशा वेळी मोटारीत सुलट आणि उलट प्रवाहांचे संच सारख्याच आकाराचे होतात. बंद असलेली मोटार या स्थितीत सुरूच होत नाही, कारण स्थिर अवस्थेत दोन्ही क्षेत्रांचा रेटा सारखा आणि विरुद्ध असतो. दोनच फेज येत असताना कन्डेन्सर लावून मोटार चालवण्याची जी युक्ती ग्रामीण भागात वापरली गेली, ती म्हणजे त्या रेल्वे-यंत्राचा स्वस्त आणि कच्चा अवतार. कन्डेन्सरने तिसऱ्या फेजचा आभास निर्माण होतो, पण समतोल एखाद्याच भाराला कसाबसा साधतो. एरवी उलट संच शिल्लक राहतो आणि वाइंडिंग तापवतो.

उलट संच इतका महाग का पडतो? कारण त्याच्यापुरती मोटार जवळजवळ अडवून धरल्यासारखी असते, आणि अडवलेली मोटार नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. म्हणून दाबात उलट संच फक्त ५ टक्के असला तरी प्रवाहात तो ३० टक्क्यांच्या घरात जातो. स्टार्टरमध्ये बसवला जाणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पुष्कळदा हा उलट संचच मोजतो. म्हणजे फोर्टेस्क्यूचा सिद्धान्त विहिरीवरच्या पेटीत बसलेला असतो. अभ्यासक्रमातील प्रकरणात मात्र या मोटारीला बहुधा जागा नसते. ज्या प्रश्नातून पद्धत जन्मली तोच गाळून ती शिकवणे हा या प्रकरणाचा पहिला दोष.

पाठ्यपुस्तकांनी काय केले

निबंध आणि आजचे प्रकरण यांच्यामध्ये काही महत्त्वाची पुस्तके आहेत. वॅग्नर आणि इव्हान्स यांच्या १९३३ च्या पुस्तकाने ही पद्धत अभियंत्यांच्या टेबलावर आणली. एडिथ क्लार्क या विदुषीच्या १९४३ च्या ग्रंथाने ती विजेच्या वाहिन्यांसाठी अधिक सुटसुटीत केली. कोणत्या फॉल्टला कोणती रीत सोयीची पडते याचा विचार त्यात दिसतो. स्टीव्हन्सन यांचे १९५५ चे पुस्तक, आणि आपल्याकडे १९८० पासून नागरथ व कोठारी यांचे पुस्तक, यांवर अभियंत्यांच्या पिढ्या शिकल्या. या पुस्तकांचे ऋण मान्यच केले पाहिजे. शंभर पानांचा अवघड सिद्धान्त त्यांनी कोणत्याही सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणला.

पण सोपे करताना प्रश्न एकाच दिशेला झुकला. ब्रेकर केवढा घ्यावा हे ठरवण्यासाठी जास्तीत जास्त किती प्रवाह येईल हे माहीत असावे लागते. म्हणून तार जमिनीला घट्ट, कोणताही रोध न राहता जोडली गेली असे गृहीत धरतात. सूत्रात फॉल्टच्या रोधासाठी जागा ठेवलेली असते, पण बहुतेक सोडवलेल्या उदाहरणांत तिथे शून्य घातलेले असते. त्या शून्याने काय झाकले जाते ते पाहू.

एका फेजच्या जमिनीशी होणाऱ्या फॉल्टसाठी सूत्र असे आहे:

फॉल्टचा प्रवाह = (३ × फेजचा दाब) ÷ (सुलट रोध + उलट रोध + एकवेळ रोध + ३ × फॉल्टचा रोध)

शेवटच्या पदातील ३ कुठून आले? एकवेळ संचाचे तीन सारखे प्रवाह एकाच फॉल्टमधून जमिनीत जातात, म्हणून तो रोध प्रत्येकाला तिप्पट भासतो.

गावात येणाऱ्या ११ किलोव्होल्ट वाहिनीचा फेजचा दाब सुमारे ६३५० व्होल्ट असतो. समजा, वाहिनीच्या पहिल्या तीन रोधांची बेरीज १० ओहम आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून त्यांच्यातील कोनांचा फरक सोडून देऊ. फॉल्टचा रोध शून्य धरला तर प्रवाह १९०५ अँपिअर येतो. उपकेंद्रातील रिलेला हे तत्काळ कळते आणि ब्रेकर पडतो. आता तार तुटून उन्हाळ्यात कोरड्या मुरमाड रानात पडली आणि तिथे जमिनीचा रोध ५०० ओहम आहे असे धरा. छेद १० अधिक १५०० होतो आणि प्रवाह १२.६ अँपिअर. दीडशेपट कमी! जमिनीतील फॉल्ट टिपणारा रिले समजा ४० अँपिअरवर ठेवलेला असेल तर त्याच्या दृष्टीने काही घडलेलेच नाही. तार पडलेली आहे, जिवंत आहे, आणि उपकेंद्रात सर्व ठीक आहे.

दुसरे उत्तर शाळेतल्या रीतीने काढून पाहा. ६३५० भागिले ५००, म्हणजे १२.७ अँपिअर. तीन संचांचा सगळा खटाटोप करून आलेल्या उत्तरात आणि ओहमच्या नियमाने आलेल्या उत्तरात फरक जेमतेम एक टक्का. म्हणजे या फॉल्टमध्ये पुस्तकाने मेहनतीने काढलेले तिन्ही रोध गौण ठरतात आणि पुस्तकाने शून्य धरलेला रोध सर्वस्व ठरतो.

डीपीच्या पुढच्या बाजूलाही हेच. २३० व्होल्टची तार पडली, तिथे जमिनीचा रोध १०० ओहम आणि डीपीच्या अर्थिंगचा १० ओहम धरला, तर प्रवाह सुमारे २ अँपिअर येतो. पाच अश्वशक्तीचा पंप याच्या तिप्पट ओढतो. फ्यूजने पंप आणि पडलेली तार यांतला फरक ओळखायचा कसा?

हे केवळ कागदी आकडे नाहीत. अमेरिकेत साडेबारा किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर केलेल्या चाचण्यांचे आकडे रिले-अभियंत्यांच्या लेखनात वारंवार येतात: तार कोरड्या वाळूवर किंवा डांबरावर पडली तर जवळजवळ शून्य अँपिअर, ओल्या गवतावर सुमारे ५०, आणि सळ्या घातलेल्या काँक्रीटवर सुमारे ७५.

कायदा विचारतो, प्रकरण विचारत नाही

भारतीय वीज नियम, १९५६ मधील ९१ व्या नियमाचा आशय असा होता, की रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून जाणारी उघडी तार तुटलीच तर ती निर्धोक व्हावी अशी योजना असली पाहिजे. म्हणजे कायद्याने प्रश्न नेमका विचारला होता. तो तुटलेल्या तारेबद्दल होता, कमाल प्रवाहाबद्दल नव्हे. आपल्या देशात दरवर्षी विजेच्या धक्क्याने दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. हे सगळे मृत्यू पडलेल्या तारांमुळे होतात असे नाही. पण होतात त्यांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नक्कीच नाही, आणि जनावरांची गणती यात धरलेली नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेक पुस्तके दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत तोडतात. तार तुटणे आणि तार जमिनीला टेकणे हे तिथे दोन निराळे फॉल्ट असतात. प्रत्यक्षात ते एकदमच घडतात. तुटलेल्या तारेचे उपकेंद्राकडचे टोक खांबावर लोंबकळत राहिले आणि फक्त दूरचे टोक जमिनीवर पडले, तर ते टोक मेलेले आहे असे वाटते. पण पुढे जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि मोटारींमधून उरलेल्या दोन फेज त्या टोकाला दाब पुरवत राहतात. ते टोकही जिवंत असते, आणि त्यातला प्रवाह आणखी लहान असल्यामुळे रिलेला तर ते दिसतच नाही.

या टीकेला एक रास्त उत्तर आहे. लहान प्रवाहाचा फॉल्ट गणिताने नीट सांगता येत नाही. मातीचा रोध जागोजागी आणि दिवसागणिक बदलतो, ठिणग्या उडतात, प्रवाह थरथरतो. मग पाठ्यपुस्तकाने तरी काय करावे? अडचण खरी आहे. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या थरथरीवरूनच फॉल्ट ओळखण्याचे प्रयत्न झाले, त्यातून उपकरणेही निघाली. पण प्रत्येक पडलेली तार ओळखेल असे हमखास साधन त्यातून मिळालेले नाही.

तरीही प्रश्न विचारला तर काय होते याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे मेली. त्यांतील सर्वांत घातक आग विजेची तार तुटून लागली होती. चौकशी आयोग बसला, आणि पुढे २०१६ मध्ये त्या राज्याने धोक्याच्या भागातील २२ किलोव्होल्टच्या ठरावीक जाळ्यांसाठी नियम केला: एका फेजचा जमिनीशी अर्ध्या अँपिअरइतका क्षीण फॉल्ट झाला तरी त्या तारेवरचा दाब दोन सेकंदांत २५० व्होल्टपर्यंत खाली आला पाहिजे. यासाठी न्यूट्रल थेट जमिनीला न जोडता मोठ्या वेटोळ्यातून जोडतात, आणि उरलेला प्रवाह उलटा प्रवाह सोडून मिटवतात. हे सगळे एकवेळ संचाचे गणित आहे! म्हणजे फोर्टेस्क्यूचे हत्यार लहान प्रवाहाच्या प्रश्नालाही चालते. ते त्या कामाला लावायचे की नाही, हे प्रश्न विचारणाऱ्यावर अवलंबून आहे.

आपल्याकडे ११ किलोव्होल्टच्या जाळ्यात न्यूट्रल बहुधा थेट जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे हाच उपाय उचलून आणता येणार नाही. पण आपल्याकडचा एक जुना उपाय याच विचाराचा आहे. रस्ता ओलांडताना तारांखाली अर्थिंग केलेल्या तारांची जाळी बांधतात. लाइनमन तिला गार्डिंग म्हणतो. तुटलेली तार मातीवर पडण्याआधी जाळीवर पडते, रोध जवळजवळ शून्य होतो आणि ब्रेकर पडतो. न दिसणाऱ्या फॉल्टचे दिसणाऱ्या फॉल्टमध्ये रूपांतर करणारी ही व्यवस्था आहे. पाठ्यपुस्तकातले शून्य इथे खरे करून घेतले जाते. या प्रकरणात गार्डिंगचे एखादे तरी उदाहरण असायला हवे होते. गंजून लोंबणारी जाळी म्हणजे काय, हे मग विद्यार्थ्याला सूत्रातच दिसले असते.

वर्गात काय करता येईल

अभियांत्रिकीचे पुस्तक बदलणे शाळेच्या हातात नाही. पण पुढील गोष्टी नववी ते बारावीच्या वर्गात सहज करता येतील.

एक, बाणांचा त्रिकोण आणि ९० अँपिअरची फोड कागदावर करून घ्यावी. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना यात एकाच्या घनमुळांचा उपयोग दिसेल.

दोन, १०, १००, ५०० आणि ५००० ओहम रोधांसाठी ११ किलोव्होल्टच्या पडलेल्या तारेतील प्रवाह ओहमच्या नियमाने काढून तक्ता करावा, आणि ४० अँपिअरचा रिले त्यांतील कोणत्या ओळीत जागा होईल हे विचारावे. शेवटच्या ओळीत १.३ अँपिअरच्या आसपास उत्तर येईल. त्याशेजारी गळतीरक्षक स्विचचे ३० मिलिअँपिअर लिहावेत.

तीन, पडलेल्या तारेभोवती जमिनीतला दाब अंतरानुसार घटत जातो हे वर्तुळे काढून दाखवावे. दोन पावलांत जितके अंतर जास्त तितका दाबातला फरक जास्त. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दूर असतात, म्हणून माणूस वाचतो तिथे बैल दगावतो. यातूनच वागण्याचा नियम निघतो: पडलेली तार मेली आहे असे कधीही धरू नये, निदान दहा मीटर दूर राहावे, काठीने ती हलवू नये, आणि आपण जवळ असलोच तर दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून पाय घासत, अगदी लहान पावलांनी दूर व्हावे. मग वीज कार्यालयाला कळवावे.

फोर्टेस्क्यूच्या निबंधाला शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यातील गणित आजही जसेच्या तसे वापरले जाते, आणि ते वापरले जावे. मात्र त्यावरचे प्रकरण नव्याने लिहायला हवे, आणि त्यातील पहिले सोडवलेले उदाहरण शेतात पडलेल्या तारेचे असावे. ते लिहिले जाईपर्यंत वरचा चार ओळींचा तक्ता आपल्या फळ्यावर लिहायला काहीच अडचण नाही.